तळ्यातली खोली

टील लेक या शहराच्या नावात तळं आहे, पण त्या तळ्याचा एक थेंबही शहराच्या हद्दीत नाही. तळं सगळं शेजारच्या ऑल्सबरीचं. टील लेकच्या वाट्याला आली ती कोरडी जमीन: उत्तरेला रेल्वेचे रूळ, पूर्वेला हमरस्ता, पश्चिमेला चर्चची दफनभूमी, आणि दक्षिणेला जिथे पाणी सुरू होतं तिथे शहर संपतं. मिनेसोटात एवढ्याशा गावालाही शहरच म्हणतात. एका टोकाला कुणी गवत कापायचं यंत्र सुरू केलं की दुसऱ्या टोकाचं कुत्रं भुंकतं. शाळा नाही, इस्पितळ नाही, सिग्नल आहे पण एकच. वेशीवरच्या हिरव्या पाटीवर लोकसंख्या लिहिली आहे, एक हजार नऊशे अडतीस, आणि पाटी ओलांडणारा प्रत्येक जण ती वाचतो, जणू काल रात्रीत बदलली असेल.

मार्लिस ब्रेकीला त्या आकड्याची फार गंमत वाटायची. ऑल्सबरीच्या शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावरही तिचा भूगोल काही निवृत्त झाला नाही. एखाद्या गल्लीला मध्येच वळण का आहे, हा प्रश्न डोक्यात शिरला की तिला जेवण गोड लागत नसे. तिचा मुलगा बायकोला बजावायचा, "आईसमोर 'कोण जाणे' असं म्हणू नकोस. ती उठून बघायला जाते."

म्हणूनच जून महिन्यात नगर कार्यालयातल्या जोलीन स्ट्रोबेलने तिला बोलावलं. पुढच्या वर्षी जनगणना होती. त्याआधी शहरातली सगळी घरं नकाशावर बरोबर जागी आहेत ना आणि त्यांत कोण राहतं, हे कुणीतरी पायी फिरून बघून यादी करायची होती.

"मिसेस ब्रेकी, मानधन काही नाही हं," जोलीन म्हणाली. ती मार्लिसचीच जुनी विद्यार्थिनी, सहावीत नकाशात नद्या उलट्या वाहवणारी.

"लोकांच्या परसात डोकावायची परवानगी देते आहेस, आणि वर मानधन कशाला?" मार्लिस म्हणाली.

त्या दिवसांत शहरात दुसरी एक चर्चा जोरात होती. चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत टील लेकचा आगीचा जुना लाल बंब सगळ्यात पुढे असतो आणि बंबावर चालकाच्या शेजारी बसून घंटा वाजवण्याचा मान एकाच माणसाला मिळतो: टील लेकमध्ये जन्मलेला आणि आजही टील लेकमध्येच राहणारा सर्वांत वयस्कर रहिवासी. ऐकायला सोपं वाटतं. पण इथे इस्पितळ नाही, त्यामुळे गेल्या सत्तरेक वर्षांत शहरात कुणी जन्मलेलंच नाही. सगळी बाळं मोठ्या शहरात जन्माला येतात आणि इथे फक्त वाढतात. घरी, सुईणीच्या हातांवर जन्मलेली दोनच माणसं आता उरली होती. एक आर्विड टॉलफ्सन, एकोणनव्वद. दुसरी जोलीनची आत्या बर्निस, पंचाऐंशी. गेली कित्येक वर्षं घंटा वाजवणारी बाई हिवाळ्यात वारली. आता पाळी आर्विडची.

आर्विडने या मानाची वाट किती पाहिली होती ते कुणाला सांगायची गरज नव्हती. तो टील लेकचा कडवा माणूस. सकाळी शाळेची बस आणि हिवाळ्यात बर्फ काढायची गाडी, दोन्ही त्यानेच चालवली. बर्फ काढताना ऑल्सबरीची हद्द आली की तो गाडीचं पातं टक्कन वर उचलायचा आणि मागे वळायचा. "त्यांचं बर्फ त्यांनी काढावं." लहानपणी मार्लिस त्याच्याच बसने शाळेत जायची. बस हद्द ओलांडताना तो मुलांना ओरडून सांगायचा, "चला रे, परदेश आला, पासपोर्ट काढा!" आता तो बायको लव्हर्नला सोबत नेऊन बंबासाठी नवी टोपी घेऊन आला होता आणि ती घालून रोज टपालपेटीपर्यंत जात होता, सराव म्हणून.

मार्लिस फिरायला लागली तेव्हा कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडत होता. गवतावर, मोटारींवर, लोकांच्या कॉफीत सगळीकडे पांढरी पिसं. डोळे चोळत ती दक्षिणेच्या गल्लीत शिरली आणि थांबली. ही म्हातारी झाडं इथे एका ओळीत कशी? कुणी लावलेली म्हणावीत, तर माणूस सरळ ओळीत लावतो. ही ओळ वाकलेली होती, एखाद्या ताटाच्या कडेसारखी. एका परसातून दुसऱ्या परसात, कुंपणांना न जुमानता चाललेली.

तिला चाळीस वर्षं मुलांना शिकवलेलं आठवलं. कॉटनवुडचं बी चिखल लागल्याशिवाय रुजत नाही. एकाच वयाची जुनी झाडं वाकड्या ओळीत उभी असतील तर तिथे कधीतरी काठ होता. म्हणजे तळं तेव्हा इथवर होतं. दुष्काळाच्या वर्षांत पाणी मागे हटलं, मग लोकांनी भराव घातला, हिरवळ लावली, आणि काठ विसरून गेले.

बाकी कुणी असतं तर घरी जाऊन डोळ्यांत थेंब घातले असते. मार्लिस थेट नगर कार्यालयात गेली आणि शहर स्थापन झालं तेव्हाचा हद्दीचा ठराव मागितला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, दक्षिण हद्द म्हणजे तळ्याचा आजचा काठ. आजचा म्हणजे त्या दिवशीचा. पाणी हटलं तरी हद्द हटली नव्हती. इतकी वर्षं सगळे जण परसामागच्या कुंपणाला हद्द समजत होते आणि खरी हद्द त्या झाडांखालून जात होती.

"जोलीन, अगं, लोकांच्या भाज्यांचे वाफे ऑल्सबरीत आहेत!" मार्लिसला हसू आवरेना. "आणि टॉलफ्सनांची मागची खोली बघ. आर्विडने घरामागे वाढवून बांधलेली. ती चक्क तळ्यात आहे. बर्फ काढताना इतकी वर्षं तो पातं चुकीच्या जागी उचलत होता."

जोलीनही हसली. मग तिचं हसणं हळूहळू विरलं. "मग टॉलफ्सन राहतात कुठे?"

"म्हणजे काय? टील लेकमध्ये. घर इकडेच आहे, एक खोली तिकडे."

"घर हद्दीवर असेल तर माणूस झोपतो कुठे ते बघतात, मिसेस ब्रेकी. जनगणनेतही तसंच. मुख्यतः जिथे राहतो आणि झोपतो, तिथला तो." जोलीनने पेन खाली ठेवलं. "आत्या गेला महिनाभर मला छळतेय. म्हणते, आर्विडच्या कागदपत्रात काहीतरी भानगड असणारच. मी तिला गप्प केलं. पण आता हे सगळ्यांना कळणार. तुम्ही एकदा बघून या ना. नुसतं सांगा की पलंग पुढच्या खोलीत आहे, विषय संपला."

"अर्थातच पुढच्या खोलीत असणार," मार्लिस म्हणाली. "लव्हर्नचा तो मोठा पलंग मी स्वतः पाहिलाय."

दुसऱ्या दिवशी ती टॉलफ्सनांकडे गेली. लव्हर्नने दार उघडलं. शहाऐंशीची बाई, पण केस नीट विंचरलेले, ॲप्रनची घडी मोडलेली नाही.

"कॉफी घेशील?"

"नको, नको. दोन मिनिटांसाठी आलेय."

"अगं, केलेलीच आहे."

"उगाच तुम्हाला त्रास."

"थोडीशी तरी?"

"बरं, थोडीशीच," मार्लिस म्हणाली आणि बसली. तिकडे हे असंच चालतं. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारल्यावर हो. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा उतावळा ठरतो आणि दोनदाच विचारणारी यजमानीण कंजूष. कॉफीबरोबर परसातल्या आंबट रुबार्बच्या वड्या आल्या. त्यांनाही मार्लिस दोनदा नको म्हणाली आणि मग तीन खाल्ल्या.

आर्विड टोपी घालूनच आला. मार्लिसने झाडांची आणि काठाची गोष्ट रंगवून सांगितली. म्हातारा मांडी थोपटून हसला. "म्हणजे ऑल्सबरीवाल्यांचं बर्फ मी फुकट काढत होतो होय? बिल पाठवतो त्यांना!"

"आणि तुमची मागची खोली तर अख्खी पाण्यात आहे. बघू का जरा? हद्द कुठून जाते ते मला खुणेने दाखवायचंय."

लव्हर्नने कप उचलून बेसिनकडे नेले. आर्विड हसायचा थांबला. पण मार्लिस उठलीही होती, तिचे पाय तिच्या डोक्याच्या आधी चालतात.

ती शिवणकामाची खोली होती, निदान पूर्वी. यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. खिडकीखाली एक अरुंद खाट, सैन्यातल्यासारखी तंतोतंत घडी केलेलं पांघरूण. उशाशी रेडिओ, चष्मा, कानात घालायच्या यंत्राची डबी. खाटेखाली सपाता. सपातांच्या जागी गालिचा झिजून पांढरा पडला होता.

मार्लिसला सगळं एका नजरेत दिसलं आणि पहिल्यांदाच वाटलं, आपण बघायला आलो नसतो तर बरं झालं असतं.

"गराजमध्ये चल, पोरी," आर्विड मागून म्हणाला. "तुला गवत कापायचं यंत्र दाखवतो."

गराजमध्ये यंत्र होतं, पण त्याने ते दाखवलं नाही. टोपी काढून तो एका उलट्या बादलीवर बसला.

"कुणाला सांगितलंस?"

"जोलीनला. हद्दीचं सांगितलं. झोपायचं... मला माहीतच नव्हतं हो." मार्लिसचा चेहरा उतरला. "आर्विड, हे बघा, सोपं आहे. आजच पलंग बदला. पुढच्या खोलीत जाऊन झोपा. मी उद्या सकाळी येते, बघते, आणि जे बघेन तेच सांगते. खोटं काहीच नाही त्यात. मिरवणूक होऊ दे, मग हवं तिथे झोपा."

आर्विडने टोपी मांडीवर फिरवली.

"तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं, आठवतं?" तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, अंथरुणात धक्का लागता कामा नये. मी झोपेत फार वळवळतो. मग मी मागच्या खोलीत गेलो. थोड्या दिवसांसाठी."

"मग त्या बऱ्या झाल्या."

"झाली ना. नाचायला लागली. एका संध्याकाळी तिने विचारलं, आर्विड, मागे थंडी वाजते का रे? मी म्हटलं, नाही, छान आहे. मग पुन्हा एकदा विचारलं, खाट अरुंद नाही का? मी म्हटलं, मला पुरते." त्याने टोपीवरचा कापूस झटकला. "मी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतो."

"आणि?"

"तिने विचारलंच नाही. मी म्हटलं, बरी झोप लागत असेल तिला माझ्याशिवाय. कशाला त्रास द्यायचा."

मार्लिसला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. एका घरात, चार पावलांच्या अंतरावर, सहा वर्षं! पण तिने स्वतःही नुकतंच कॉफीला दोनदा नाही म्हटलं होतं, त्यामुळे ती काय बोलणार?

"मग आज जा ना," ती म्हणाली. "निमित्त मिळालंय."

"तेच तर नको." म्हातारा उठला. गुडघे कुरकुरले. "सहा वर्षं गेलो नाही. आणि आता बंबावर बसायला मिळावं म्हणून उशी काखोटीला मारून गेलो, तर ती काय समजेल? तिच्यासाठी नाही आला, घंटेसाठी आला. मग मी मरेपर्यंत तिला तेच वाटत राहील. मी काहीही बोललो तरी."

"पण तुम्ही लहानपणापासून त्या बंबाची..."

"हो, लहानपणापासून," आर्विड म्हणाला. "माझ्या बापाने वाजवली होती ती घंटा. मला माहितीये मी काय सोडतोय ते, तू नको सांगूस."

तो आत गेला. स्वयंपाकघरातला फोन भिंतीवर आहे. त्याने उभ्यानेच नंबर लावला. लव्हर्न बेसिनपाशी पाठमोरी उभी होती, हातात तोच कप, कधीचा धुऊन झालेला. मार्लिस दारात अडकली, ना आत ना बाहेर. एरवी तिला स्वतःलाच हसू आलं असतं की आपली तळ्यात-मळ्यात चालली आहे.

"जोलीन? आर्विड बोलतोय. मी मागच्या खोलीत झोपतो. हो. सहा वर्षं. म्हणजे मी ऑल्सबरीचा. बर्निसला सांग, घंटेची दोरी उजवीकडे अडकते, डावीकडे ओढायची... नाही, नाही, मार्लिसने काही केलं नाही. झाडांनी केलं." त्याने फोन ठेवला.

नळ बंद झाला.

"नुसता पलंग बदलला असतास तर?" लव्हर्न भिंतीकडे बघतच म्हणाली. "एक रात्र. मी काही नको म्हटलं नसतं."

"तुला वाटलं असतं बंबासाठी आलो."

"बंबासाठीच आला असतास ना?"

"म्हणून तर नाही आलो."

लव्हर्नने कप पालथा घातला. मग फडक्याने हात पुसले, एकेक बोट करून. "मी दोनदा विचारलं होतं तुला."

"तिसऱ्यांदा नाही विचारलंस."

"नाही विचारलं." आता ती वळली. "कॉफीचं ठीक आहे, आर्विड. तिसऱ्यांदाही कुणी नको म्हणालं तर किटली पुन्हा शेगडीवर ठेवायची. पण तू तिसऱ्यांदाही नाही म्हणाला असतास तर मी काय केलं असतं? त्यापेक्षा न विचारणं बरं. निदान तू हो म्हणाला असतास असं समजून झोपता येत होतं."

आर्विड तिथेच उभा होता. त्याचा हात अजून फोनवर होता. आयुष्यात पहिल्यांदा मार्लिस एकही प्रश्न न विचारता एका घरातून बाहेर पडली.

त्या आठवड्यात ती इतर गल्ल्या फिरली, पण तिचं मन लागेना. आर्विडचा मान तिच्यामुळे गेला होता. झाडं जिथे होती तिथे गुपचूप उभी होती, त्यांना बोलतं तिने केलं. टपालपेटीपर्यंत टोपी घालून जाणारा म्हातारा आता दिसत नव्हता. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बर्निस स्ट्रोबेल मात्र अंगणात एका अदृश्य दोरीला डावीकडे हिसके देताना दिसली.

यादी पुरी करून द्यायच्या आदल्या दिवशी मार्लिस पुन्हा टॉलफ्सनांच्या दारात उभी राहिली. पुढच्या खोलीसमोर एक रहिवासी लिहायचा होता, लव्हर्न. मागच्या खोलीसमोर काही लिहायचं नव्हतं, तो ऑल्सबरीवाल्यांचा मामला. पण खात्री न करता लिहिणं तिच्या स्वभावात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला राहवत नव्हतं.

"कॉफी घेशील?" लव्हर्नने विचारलं.

"घेते," मार्लिस म्हणाली.

लव्हर्न दचकली, मग हसली. "बरी आहेस ना?"

"नाही. लव्हर्न, मला माफ करा. मी नको तिथे नाक खुपसलं. मला फक्त एवढंच विचारायचंय की पुढच्या खोलीत तुम्ही एकट्या..."

"कुणीच नाही," लव्हर्न म्हणाली.

"म्हणजे?"

"पुढच्या खोलीत कुणी नाही. लिही. या घरात टील लेकचं कुणी राहत नाही." तिने कप भरून पुढे सरकवला. कॉफी बशीत सांडली, पण तिने पुसली नाही. "तू गेलीस त्या संध्याकाळी मी माझी उशी उचलली आणि मागे गेले. दार वाजवलं. म्हटलं, आर्विड, तिसऱ्यांदा विचारते. जागा आहे का?"

"मग? काय म्हणाले?"

मागच्या खोलीतून रेडिओचा आवाज येत होता आणि त्यावर आर्विडचा. "मी म्हटलं, नाही! जागा अजिबात नाही, पण ये!"

"बहिरा असल्याचं सोंग करतो आणि सगळं ऐकतो मेला," लव्हर्न म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मार्लिस घरी गेली आणि स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडली, आणि रडता रडता टील लेकच्या लोकसंख्येतून दोन माणसं वजा केली. एक तिने शोधून काढलेलं. दुसरं मात्र आपल्या पायाने हद्द ओलांडून गेलेलं.

चार जुलैला सगळं शहर रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या मांडून बसलं होतं. टॉलफ्सनांच्या खुर्च्या मार्लिसच्या शेजारी. आर्विडने नवी टोपी घातली होती आणि मांडीवर भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशची ताटली होती. लव्हर्न खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. एकदा तर तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

बंब आला. ताठ बसलेल्या बर्निसने घंटा अशी वाजवली की पुढच्या रांगेतल्या बाळांनी भोकाड पसरलं. आर्विडचा चमचा थांबला. तो घंटेकडे बघत राहिला आणि त्याचे ओठ आवळले गेले. एवढी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट समोरून जाताना कुणाला सुखाचं वाटेल? मार्लिसने मान दुसरीकडे वळवली.

बर्निसने मात्र त्याला हेरलं. मुलांसाठीच्या चॉकलेट-गोळ्यांची मूठ त्याच्या दिशेने उधळत ती ओरडली, "काय रे आर्विड! तिकडे ऑल्सबरीत कसं काय चाललंय?"

आर्विडने टोपी काढून हवेत हलवली. "फार दाटी झालीय!"

अख्खी कड हसली. लव्हर्नला जाग आली. तिने मान चोळली, कंबर चोळली आणि पुन्हा डोळे मिटले. एवढ्याशा खाटेवर दोन म्हाताऱ्या माणसांची रात्र कशी जात असेल ते दिसतच होतं. मार्लिसने खूप वेळ दम धरला. बंब गेला, शाळेचा बँड गेला, ट्रॅक्टर गेले. शेवटी ती लव्हर्नच्या कानाशी वाकली.

"एक विचारू? आता तर बंबही गेला, कुणी काही समजणार नाही. पुढच्या खोलीत तुमचा तो मोठा पलंग रिकामा पडलाय. मग दोघं मिळून तिथे का झोपत नाही?"

लव्हर्नने एक डोळा उघडला. आर्विड ऐकत नाही ना हे पाहिलं. तो ऐकत होता, पण रस्त्याकडे बघायचं नाटक करत होता.

"तो पलंग फार मोठा आहे गं," ती म्हणाली. "तिथे एकमेकांना हात न लागताही झोपता येतं."